आतड्यातल्या जंतूंना काय वाढायचं? तंतू, जंतू आणि वाढलेलं वजन



गेले काही महिने आपल्या कुटुंब-गटांमध्ये एकाच धर्तीचे मेसेज फिरताहेत. बेळगावच्या गटात आलेला मेसेज दोन दिवसांत इंदूरला पोचतो, तिथून ग्वाल्हेर, बडोदा, आणि शेवटी हैदराबादच्या कुणी काकू तो परत आमच्याकडेच पाठवतात, "हे खरं आहे का हो?" म्हणून. मजकूर साधारण असा : लठ्ठपणा खाण्यामुळे नसतोच, तो पोटातल्या वाईट जंतूंमुळे असतो. अमुक 'प्रीबायोटिक फायबर' पावडर रोज दोन चमचे घ्या, जंतू बदलतील, महिन्यात वजन उतरेल. खाली डब्याचा फोटो आणि फोन नंबर. किंमत हजाराच्या पुढे. काही घरांत तो डबा आलासुद्धा आहे. पेन्शनवर चालणारं घर, आणि महिन्याला दीड-दोन हजार या पावडरीत. म्हणून या वेळचा अभ्यासलेख याच विषयावर घ्यायचं ठरवलं.

आधीच सांगतो, मेसेज पूर्ण खोटा नाही. खरी अडचण तिथंच आहे. निखळ खोटं असतं तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळे झालो असतो. यात अर्धं खरं आहे, पाव भाग उंदरांबद्दलचं आहे आणि उरलेला पाव भाग विक्रीचा आहे. ते निवडून वेगळं करायला थोडा वेळ लागेल. तेव्हा चहा घेऊन बसा.

*आतली वस्ती*

आपल्या शरीरात जिवाणू किती? पूर्वी सांगत, पेशींच्या दहापट. २०१६ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी नीट हिशेब मांडला तेव्हा आकडा आला सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, आणि आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरीचा मामला. या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून साधारण २०० ग्रॅम भरतं. यातले बहुतेक सगळे राहतात मोठ्या आतड्यात.

आता हे तिथं खातात काय? आपण भात खाल्ला, साखर खाल्ली, तेल-तूप खाल्लं, तर ते बहुतेक सगळं लहान आतड्यातच पचून रक्तात जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं ते आपल्याला न पचलेलं. त्यात मुख्य भाग तंतुमय पदार्थांचा, ज्याला आता घरोघरी फायबर म्हणतात. धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे धागे, कांद्या-लसणातली एक विशिष्ट न पचणारी साखळी-साखर, कच्च्या केळ्यातलं न पचणारं पिष्ट. आपल्या दृष्टीनं हे ताटातलं उष्टं. वस्तीच्या दृष्टीनं तीच पंगत.

दही आणि हे एकच का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. दह्यात जिवंत जिवाणू असतात. विरजण लावताना आपण काय करतो? थोडं दही दुधात घालतो. विरजण म्हणजे जिवाणू आणि दूध म्हणजे त्यांचं खाणं. विरजण कितीही चांगलं असो, दूधच नसेल तर दही कशाचं लागणार? प्रीबायोटिक म्हणजे या हिशेबात दूध. 'प्रो' म्हणजे जिवाणू, 'प्री' म्हणजे त्यांचा शिधा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे मेसेज आपोआप उलगडतात.

हा शब्द तसा नवा आहे. ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ साली तो रूढ केला. पण निसर्गानं ही युक्ती फार आधी करून ठेवली आहे. आईच्या दुधात अशा काही साखरी असतात की ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. मग आई त्या का बनवते? त्या बाळासाठी नसतातच, बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंसाठी असतात. आपल्यातल्या प्रत्येकानं आयुष्यातलं पहिलं प्रीबायोटिक आईच्या कुशीत घेतलं आहे, तेही विनामूल्य.

एक भेद मात्र इथंच नोंदवून ठेवू, कारण डब्यांवर तो मुद्दाम पुसला जातो. प्रत्येक फायबर प्रीबायोटिक नसतं. प्रीबायोटिक कशाला म्हणायचं, तर जे ठरावीक उपयोगी जिवाणूंनाच खास खाता येतं आणि त्यातून आपल्या तब्येतीला फायदा होतो असं दिसून आलं आहे. आपला इसबगोल घ्या. गुजरातेतल्या उंझ्याचा बाजार इसबगोलासाठी प्रसिद्ध, बडोद्याच्या मंडळींना सांगायला नको. इसबगोल पाणी धरून फुगतो, पोट साफ करतो, कोलेस्टेरॉल थोडं उतरवतो, साखर हळू चढू देतो. उत्तम वस्तू. पण जिवाणूंना तो फारसा खाता येत नाही, तो बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे इसबगोल हे चांगलं फायबर, पण कच्चं प्रीबायोटिक. उलट कांद्या-लसणातलं आणि चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन हे जिवाणू झडप घालून खातात. बाजारातल्या बहुतेक 'प्रीबायोटिक' पावडरी म्हणजे हेच चिकोरीचं इन्युलिन किंवा त्याचीच आखूड साखळीची बहीण, ऑलिगोफ्रुक्टोज.

*खाऊन ते देतात काय?*

जिवाणू हे तंतू आंबवतात. त्यातून वायू होतो (तो विषय पुढे येतोच) आणि तीन छोटी आम्लं तयार होतात : ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट. नावं कठीण आहेत, पण ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरच्या घराण्यातलं आणि ब्युटिरेट लोण्याच्या. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहे. त्या पेशी रक्तातल्या साखरेवर कमी आणि ब्युटिरेटवर जास्त जगतात. अस्तर धडधाकट असलं की आतला कचरा रक्तात झिरपत नाही. स्थूल माणसांत हा झिरपा थोडा वाढलेला असतो आणि त्यातून शरीरभर एक मंद, धुमसती सूज राहते, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं, असा एक विचार आहे. बेल्जियमच्या पॅट्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली तो उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडला.

दुसरं काम भुकेचं. आतड्याच्या अस्तरात काही पेशी अशा आहेत की ज्यांना ही आम्लं लागली की त्या मेंदूला निरोप धाडतात, 'पुरे आता'. तो निरोप घेऊन जाणाऱ्या संप्रेरकांपैकी एकाचं नाव जीएलपी-१. हे नाव ओळखीचं वाटलं ना? सध्या ज्या वजनाच्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी चालू आहे, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. एवढा धागा सापडल्यावर पावडरवाल्यांनी लगेच 'नैसर्गिक इंजेक्शन' असं लिहायला सुरुवात केली. आतड्यातल्या फायबरनं होणारा निरोप ही कुजबुज आहे. इंजेक्शन म्हणजे भोंगा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं. फायबरचे आकडे खाली देतोच, तुलना तुम्हीच करा.

*उंदरांची गोष्ट*

'जंतूंमुळे लठ्ठपणा' ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथं जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर वाढवतात की ज्यांच्या पोटात एकही जिवाणू नसतो. २००४ साली त्यांनी अशा उंदरांत साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत उंदरांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन! जगभर खळबळ झाली. २००६ साली त्याच प्रयोगशाळेनं लठ्ठ उंदराचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले तेव्हा ते बारीक उंदराचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा जास्त चरबी धरू लागले. त्याच वर्षी १२ स्थूल माणसांना वर्षभर कमी कॅलरीच्या आहारावर ठेवून त्यांच्या जिवाणूंचं प्रमाण बदलतं का ते पाहिलं, तर बदललं.

मग आला २०१३ सालचा प्रयोग, जो आम्हाला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. जुळ्या बहिणींच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीत एक बहीण स्थूल, एक सडपातळ. दोघींच्या आतड्यातले जिवाणू वेगवेगळ्या उंदरांत सोडले. स्थूल बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. इथपर्यंतची गोष्ट मेसेजमध्ये असते. पुढची नसते. पुढं काय केलं, तर हे दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण झाली, आणि 'सडपातळ' जिवाणूंनी दुसऱ्या उंदरांत शिरकाव करून त्यांची चरबी वाढू दिली नाही. पण केव्हा? जेव्हा त्यांचं खाणं फळं-भाज्यांचं, तंतूंचं आणि कमी चरबीचं होतं तेव्हा. जास्त चरबी आणि कमी तंतूंचं खाणं दिल्यावर तेच सडपातळ जिवाणू आत टिकलेच नाहीत. पाहुणे आले, पण घरात शिधाच नाही म्हणून निघून गेले.

म्हणजे जिवाणू आणि ताट ही दोन वेगळी कारणं नाहीतच. 'खाण्यामुळे नाही, जंतूंमुळे' हे वाक्य इथंच कोसळतं.

आणखी एक. त्या काळी असं मानलं गेलं होतं की स्थूल माणसांत फर्मिक्युट्स नावाच्या गटाचे जिवाणू जास्त आणि बॅक्टेरॉइडीट्स गटाचे कमी, आणि हे गुणोत्तर म्हणजे लठ्ठपणाची खूण. पुढं अनेक देशांतल्या माणसांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा ही खूण सगळीकडे सापडली नाही. माणसामाणसांत फरक फार मोठा असतो. आजही काही ठिकाणी विष्ठेची तपासणी करून हे गुणोत्तर छापलेला रंगीत अहवाल देतात, हजारो रुपये घेऊन. वजनाबाबत त्या एका आकड्यावरून काही ठरवण्याइतका पुरावा नाही. ते पैसे वाचवा.

इथं शंका येईल. जिवाणू आपल्याला न पचणाऱ्या तंतूंतून ऊर्जा काढून देतात, तर मग जास्त तंतू खाल्ले की वजन वाढायला नको का? आमच्या अभ्यासवर्गात एका दादांनी हाच प्रश्न विचारला होता आणि प्रश्न अगदी योग्य आहे. हिशेब असा : एक ग्रॅम भातातल्या पिष्टातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर आंबवल्या जाणाऱ्या एक ग्रॅम तंतूतून साधारण २. शिवाय तंतूंनी पोट भरतं, चावायला वेळ लागतो, आणि वर सांगितलेला 'पुरे' हा निरोप जातो. त्यामुळे एकूण जमाखर्च तंतूंच्या बाजूनं झुकतो.

*माणसांवर काय दिसलं*

आता उंदीर पुरे. बेल्जियमच्या लुव्हें विद्यापीठात नाताली डेल्झेन यांचा गट बरीच वर्षं याच एका विषयावर काम करतो आहे. त्यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी लहान, पण नेटकी. तीस स्थूल स्त्रिया. निम्म्यांना रोज १६ ग्रॅम इन्युलिन-ऑलिगोफ्रुक्टोजची पावडर, निम्म्यांना तशीच दिसणारी पण जिवाणूंना उपयोगी नसलेली पावडर. कुणाला काय मिळतंय हे ना त्या स्त्रियांना माहीत, ना त्यांना तपासणाऱ्यांना. तीन महिने.

जिवाणू बदलले का? हो, नक्की बदलले. बिफिडोबॅक्टेरियम वाढले, आणि फीकॅलिबॅक्टेरियम नावाचे ब्युटिरेट बनवणारे, सूज शमवणाऱ्यांत गणले जाणारे जिवाणूही वाढले. ज्या स्त्रियांत हे जास्त वाढले त्यांच्या रक्तात जिवाणूंच्या कचऱ्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे वरचा झिरप्याचा विचार माणसातही काही अंशी जुळला.

आणि वजन? वजनात सांगण्यासारखा फरक नाही. संशोधकांनी स्वतःच लिहिलं की जिवाणूंतला बदल ठळक, पण शरीरातला बदल सूक्ष्म.

हे वाक्य या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं समजा. जिवाणू बदलणं सोपं आहे. ते आठवड्या-दोन आठवड्यांतही बदलतात. पण जिवाणू बदलले म्हणजे वजन उतरलंच असं नाही. डब्यावर 'गुड बॅक्टेरिया वाढतात हे सिद्ध' असं लिहिलेलं असतं ते खरंच असतं. त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत 'वजन' हा शब्द असतो, तो मात्र त्या सिद्धतेतून आलेला नसतो.

दुसरे निकाल थोडे जास्त आशादायक आहेत, तेही सांगायला हवेत. कॅनडात कॅल्गरीला रेलीन रायमर यांच्या गटानं २००९ साली ४८ जादा वजनाच्या माणसांना १२ आठवडे रोज २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोज दिलं. वजन सरासरी १ किलोनं उतरलं, आणि दुसऱ्या गटाचं अर्ध्या किलोच्या आसपास वाढलं. २०१७ साली त्याच गटानं ७ ते १२ वर्षांच्या ४२ जादा वजनाच्या मुलांना १६ आठवडे रोज ८ ग्रॅम दिलं, तर मुलांच्या अंगातल्या चरबीचं प्रमाण कमी झालं, विशेषतः पोटाभोवतीचं, आणि रक्तातली चरबीही उतरली. वाढत्या वयातल्या मुलांत एवढं दिसणं ही लहान गोष्ट नाही. शांघायच्या संशोधकांनी २०२४ साली ३७ जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात रोज ४० ग्रॅम न पचणारं मक्याचं पिष्ट आठ आठवडे दिलं होतं. सरासरी २.८ किलो वजन उतरलं. हा या क्षेत्रातला मोठा आकडा. पण ४० ग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज घ्या : एवढं घरच्या जेवणातून मिळवणं अवघड आहे, आणि त्या लोकांचं बाकीचं जेवणही आखून दिलेलं होतं.

मग काही जणांना गुण येतो आणि काहींना येत नाही, असं का? बेल्जियमच्याच गटानं पुढं दीडशे स्थूल रुग्णांची मोठी चाचणी घेतली, फूड-फॉर-गट नावाची. तिच्यात पावडरीबरोबर इन्युलिन असलेल्या भाज्या खायला सांगितल्या होत्या आणि एकूण जेवणही आटोक्यात ठेवलं होतं. त्यातल्या काही जणांचे जिवाणू उंदरांत सोडून त्या उंदरांना इन्युलिन दिलं, तर एका माणसाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांना फायदा झाला आणि दुसऱ्याचे मिळालेल्यांना नाही. शिधा तोच, पण जेवणारे वेगळे. ज्याच्या आतड्यात ते तंतू खाणारे जिवाणू मुळातच उरलेले नाहीत, त्याला पावडर घालून काय होणार?

म्हणून आमची एक विनंती. आपल्या घरांत, कार्यक्रमांत, पंगतीत स्थूल माणसाला टोमणे मारायची एक सवय आहे. 'वहिनी, दुसरी पोळी?' असं हसत हसत. वर जे वाचलं त्यावरून एवढं तरी कळावं की दोन माणसं तेच जेवली तरी दोघांची शरीरं ते सारखं वापरत नाहीत. त्यात जिवाणू आहेत, अनुवंश आहे, झोप आहे, औषधं आहेत. भारतीय शरीरासाठी तर मोजपट्टीच कडक आहे : बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष जवळपास २३ टक्के निघाले. म्हणजे गटातला प्रत्येक चौथा माणूस. टोमणे मारणाराही बहुधा त्यातच असतो.

*आपल्या ताटात काय आहे?*

पावडर बाजूला ठेवली तर उरतं ते जेवण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की मोठ्या माणसानं रोज निदान २५ ग्रॅम तंतू खावेत, आणि तेही अन्नातूनच मिळालेले. हैदराबादच्या तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिथल्या मंडळींनी ती इमारत येता-जाता पाहिली असेल. त्या संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात शंभर ग्रॅममागे तंतू असे : ज्वारी सुमारे १०, बाजरी, नाचणी आणि गव्हाची कणीक प्रत्येकी ११ च्या आसपास, पॉलिशचा तांदूळ ३ पेक्षा कमी, मैदा तसाच. म्हणजे दोन-तीन भाकऱ्यांत जे मिळतं त्याच्या एक तृतीयांशही तेवढ्याच तांदळाच्या भातात मिळत नाही. गोव्याच्या आणि किनाऱ्यावरच्या घरांना भात सोडा असं आम्ही म्हणणार नाही, ते होणारही नाही. पण उकड्या तांदळाबरोबर कडधान्याची उसळ, भाजीचं प्रमाण दुप्पट, असं करता येतं. आख्ख्या मुगात शंभर ग्रॅमला १७ ग्रॅम तंतू आहेत. मुठीएवढ्या मुगाची उसळ म्हणजे पाच ग्रॅम आले. एक मध्यम पेरू खाल्ला, आणखी पाचेक. २५ चा आकडा वाटतो तितका लांब नाही.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. आपल्यातली पुष्कळ घरं चातुर्मासात, काही तर बारा महिने, कांदा-लसूण खात नाहीत. आणि प्रीबायोटिक म्हटलं की प्रत्येक व्हिडिओत पहिली नावं कांदा आणि लसूण! मग आपण मुकलो का? मुळीच नाही. कच्च्या कांद्यात शंभर ग्रॅमला इन्युलिन साधारण ४ ग्रॅम. लसणात त्याच्या तिप्पट, पण लसूण खातो किती, दोन पाकळ्या. चाचण्यांतले १६ ग्रॅम कांद्यातून काढायचे तर रोज चारशे ग्रॅम कच्चा कांदा खावा लागेल. घरात कोण जवळ बसेल? गव्हातही या जातीचे तंतू आहेत, प्रमाणानं कमी, पण पोळ्या रोज पोटात जातात म्हणून एकूण बेरीज मोठी होते. शिवाय तूर, हरभरा, चवळी, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरी असतात. त्याच त्या वायू करणाऱ्या. आपण ज्यांना पोटात गुबारा धरतो म्हणून नावं ठेवतो, त्या बिफिडोबॅक्टेरियमच्या आवडीच्या. कडधान्यं भिजवून पाणी ओतून दिलं की या साखरी कमी होतात, वायू कमी होतो आणि जिवाणूंचा घासही थोडा कमी होतो. ज्याला त्रास होतो त्यानं पाणी ओतावं, ज्याला होत नाही त्यानं कशाला? कच्च्या केळ्याची भाजी, गवार, ओट्स, सालीसकट फळं, हेही याच यादीतलं.

उपासाचं एक सांगायचं राहिलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, जिवाणूंना त्यात काही नाही. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाचाच काय तो आधार. राजगिरा, रताळं, शिंगाड्याचं पीठ, फळं, हे उपासालाच चालणारं पण कितीतरी बरं. एकादशीला वजन वाढतं अशी तक्रार करणाऱ्या काकूंनी साबुदाण्याच्या वड्यांचा हिशेब आम्हाला कळवावा.

शिळ्या भाताचंही फार ऐकतो. शिजवून गार केलेल्या भातात आणि बटाट्यात थोडं पिष्ट पुन्हा घट्ट होऊन न पचणारं बनतं, हे खरं. पण ते थोडंच. शांघायच्या ४० ग्रॅमशी त्याची तुलना नको. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, शिजवल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये जाऊ द्या. शिळ्या भातात वाढणारे काही जिवाणू उलट्या करवणारे असतात, आणि गरम केल्यानं त्यांचं विष जात नाही.

*कुणी सांभाळून*

एकदम सुरुवात करू नका. ज्यांच्या जेवणात दहा-बारा ग्रॅम तंतू आहेत त्यांनी उद्यापासून तीस केले तर पोट फुगेल, गुरगुरेल, आणि तिसऱ्या दिवशी 'आम्हाला नाही बाबा सोसत' म्हणून सोडून द्याल. आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवा, म्हणजे या आठवड्यात एक उसळ, पुढच्या आठवड्यात एक पोळी वगळून भाकरी. पाणी जास्त प्या.

ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे वारंवार पोट फुगणं, कळ, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांना नेमकं इन्युलिनच सर्वांत जास्त त्रास देतं. त्यांनी पावडरीच्या वाटेला जाऊच नये. आतड्याचं ऑपरेशन झालेले, आतड्याला सूज असलेले, किंवा आतडं अरुंद झालंय असं सांगितलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फायबर वाढवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डाळी, कडधान्यं आणि काही फळांवर मर्यादा असते, ती आहारतज्ज्ञाकडून समजून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणात मोठा बदल केला तर साखर जास्त वेळा तपासावी, डोस कमी करावा लागू शकतो. तो आपल्या मनानं करायचा नाही.

ज्यांच्या घरी डबा आलेलाच आहे त्यांनी मागचं लेबल वाचावं. 'इन्युलिन', 'ऑलिगोफ्रुक्टोज' किंवा 'एफओएस' लिहिलंय का, आणि एका चमच्यात किती ग्रॅम. कित्येक डब्यांत दोन ग्रॅमच निघतात, बाकी माल्टोडेक्स्ट्रिन आणि गोडी. गंमत म्हणजे बेल्जियमच्या चाचणीत दुसऱ्या गटाला 'काहीही गुण नसलेली पावडर' म्हणून जे दिलं होतं, ते हेच माल्टोडेक्स्ट्रिन. आणि थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी फायबरची कुठलीही पावडर, इसबगोलसुद्धा, तिच्याबरोबर घेऊ नये. मध्ये निदान चार तास जाऊ द्यावेत, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आज संध्याकाळी फोन करून सांगाच, कारण ते मेसेज वाचतात पण लेख शेवटपर्यंत वाचतीलच असं नाही.